भाग घेत नाही म्हणे!

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. कॅटलिस्टला मराठीत ‘उत्प्रेरक’ म्हणतात, हेसुद्धा मला गेल्या वर्षी रूममेटकडून कळलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय डोक्यात असा बसलाय की लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

झालं असं की ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, कॅटलिस्ट म्हणजे काय? मी म्हटलं, जो रिअ‍ॅक्शनमध्ये भाग घेतो, तिचा वेग वाढवतो आणि शेवटी परत मोकळा होतो. सर म्हणाले, ‘‘भाग घेत नाही! बेसिकच कच्चं आहे तुमचं.’’ दोन मार्क गेले. मार्कांचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू! पण जास्त राग आला तो याचा, की हे वाक्य आपण सगळे शाळेपासून घोकत आलोय. कॅटलिस्ट ‘संपत नाही’ हे ठीक, पण ‘भाग घेत नाही’ हे साफ चूक. आणि ते चूक आहे हे लोकांनी मायक्रोस्कोपखाली चक्क डोळ्यांनी पाहिलंय.

गाडीच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरचंच घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साईडचा कार्बन डायऑक्साईड करणं हे त्याचं एक मुख्य काम. कसं होतं ते? रात्री साडेआठची आपली मेस आठवा. प्लॅटिनमचा पृष्ठभाग म्हणजे मेसचं टेबल. कार्बन मोनॉक्साईड हा एकटा प्राणी, एक खुर्ची मिळाली की बसला. ऑक्सिजन मात्र जोडीने येतो. त्याला शेजारशेजारच्या दोन रिकाम्या खुर्च्या लागतात, आणि बसल्या बसल्या ती जोडी फुटते! मग असा सुटा ऑक्सिजन शेजारच्या मोनॉक्साईडला धरून उठतो, डायऑक्साईड होऊन निघून जातो आणि खुर्च्या रिकाम्या. आता इंजिन थंड असेल तर मोनॉक्साईडवाले जेवण झालं तरी उठतच नाहीत. टेबल फुल्ल, ऑक्सिजनची जोडी ताट घेऊन उभी. म्हणून कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे डिग्रीपर्यंत तापेस्तोवर तो नुसता नावाला असतो. सकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून गप्पा मारणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि गंमत म्हणजे खुर्च्यासुद्धा गप्प बसत नाहीत. प्लॅटिनमच्या एका विशिष्ट पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साईड बसला की वरच्या थरातले अणू आपली रांग मोडून जागा बदलतात, आणि तो गेला की पुन्हा पहिल्यासारखे होतात. बर्लिनला गेरहार्ड एर्टल यांच्या ग्रुपने 1990 च्या सुमारास असं प्लॅटिनम एका इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली रिअ‍ॅक्शन चालू असताना पाहिलं. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकायचा आणि धातूतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉन्सनी चित्र काढायचं. ऑक्सिजन बसलेला भाग काळा दिसतो, मोनॉक्साईडचा उजळ. त्यात त्यांना पसरत जाणारी वर्तुळं आणि गोल फिरणाऱ्या सर्पिल लाटा दिसल्या, रांगोळी आपणहून फिरायला लागावी तशा. एर्टलना 2007 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. आणि आपण इथे घोकतोय, भाग घेत नाही!

जर्मनीत होतं हो सगळं, आपल्याला काय, असं म्हणू नका. आपल्या पुणे विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये डॉ. दिलीप जोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं फील्ड एमिशन मायक्रोस्कोपीचं काम केलं. या यंत्राला मोठं करणारी लेन्सच नसते. व्हॅक्यूममध्ये एक अतिशय टोकदार सुई, तिला जबरदस्त व्होल्टेज आणि समोर चमकणारा पडदा, बस्स. टोकाचं चित्र लाखो पट मोठं होऊन पडद्यावर येतं. त्याच डिपार्टमेंटमध्ये डॉ. सी. व्ही. धर्माधिकारी यांनी तर स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप स्वतः उभा केला. त्यांचे विषय वेगळे होते, पण यंत्रं हीच. सुईचं टोक साधारण कॅटलिस्टच्या एका कणाएवढं असतं, म्हणून 2021 मध्ये व्हिएन्नाच्या लोकांनी ऱ्होडियमच्या टोकावर हायड्रोजन आणि ऑक्सिजनची रिअ‍ॅक्शन फील्ड एमिशननेच पाहिली. एकाच कणाच्या वेगवेगळ्या बाजू वेगवेगळ्या ठेक्यावर चालू-बंद होत होत्या!

आता आपल्या घरचं. आपल्या लॅबमध्ये एक छान मेटलर्जिकल मायक्रोस्कोप आहे. कमिटी येणार असली की तो बाहेर येतो, पुसला जातो आणि पुन्हा कपाटात. कारण काय, तर मुलं बिघडवतील. त्यात अणू दिसणार नाहीत हे मलाही कळतं. पण गेल्या सत्रात एका शनिवारी लॅबमामांना मस्का मारून तो उघडायला लावला, तर ऑब्जेक्टिव्हच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! मुळशीचा पाऊस म्हणजे काय, ते हॉस्टेलच्या गादीला विचारा. चार महिने बंद कपाटात काच दमट राहिली की दुसरं काय होणार? म्हणजे मुलांनी हात न लावताच तो बिघडला.

बरी असलेली लेन्स लावून मी माझ्या पैंजणाची तुटलेली कडी काचेच्या बशीत ठेवली आणि जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साईड थोडं ओतलं. ‘‘लेन्स ओली करू नका हां ताई,’’ मामा मागून. चांदी पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन करते. बुडबुडे सगळीकडून नाही, ओरखडे आणि कडा धरूनच निघत होते. (बुडबुडा जिथून निघतो तिथेच रिअ‍ॅक्शन होते असं नाही. ओरखड्यात बुडबुडा धरायला सोपा पडतो, एवढंही असेल. हा वाद रूममेटशी रात्री दोनपर्यंत चालला.) ओरलच्या सगळ्या तयारीत मला असा एकही वाद घालावासा वाटला नव्हता.

सरांना आणि मॅडमना एवढीच विनंती आहे. आठवड्यातून एक शनिवार दुपार, सही करायला एक रजिस्टर, कपाटात सिलिका जेलच्या चार पुड्या आणि मामांना त्या दिवसाचा ओव्हरटाईम. रजिस्टर सांभाळायला मी तयार आहे.

ती कडी मी रात्रभर पेरॉक्साईडमध्येच ठेवली होती. सकाळी तिची चकाकी गेलेली, रंग फिका पांढरट. आईला अजून सांगितलेलं नाही. जर्नलच्या शेवटच्या पानावर टेपने चिकटवून ठेवलीये, पुढच्या ओरलला नेणार आहे.