खुर्ची कुणाची?

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागात तिकीटविक्रीचे वेगळे कार्यालय असते, असे सांगितले की आपल्याकडे लोक हसतात. आपल्या आंतरविद्यापीठ कबड्डीला तिकीट लावले तर येणार कोण? पण मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात (त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा) लाखाहून जास्त माणसे बसतात. तिथे तिकीट हा गंभीर मामला आहे.

2014 साली तिथे जे घडले, ते मला फार बोलके वाटते. क्रीडासंचालक होते डेव्ह ब्रँडन, डॉमिनोज पिझ्झाचे माजी प्रमुख. पूर्वी विद्यार्थ्यांना ज्येष्ठतेनुसार जागा मिळत. चौथ्या वर्षाची मुले पुढे, नवी मुले मागे. मुले उशिरा येतात, सामना सुरू होताना बाके रिकामी दिसतात, म्हणून 2013 मध्ये नियम बदलला: जो आधी येईल त्याची जागा. तीन वर्षे पुढच्या रांगेची वाट पाहिलेल्यांचा हक्क एका फटक्यात गेला. मुले चिडली, आणि नियम वर्षभरात मागे घ्यावा लागला. पण हंगामी तिकीट 280 डॉलरला होते, आणि विद्यार्थी गिऱ्हाईक कमी होत गेले.

1975 पासून दर सामन्याला लाखावर प्रेक्षक, ही तिथली शान. ती टिकवायची कशी? सप्टेंबर 2014 मध्ये जाहिरात झळकली: कोकच्या दोन बाटल्या घ्या, मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याची दोन तिकिटे मिळवा. ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते त्यांना काय वाटले असेल! ओरड झाल्यावर योजना गुंडाळली. त्याच सामन्यात डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवले गेले. मग विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, आणि 31 ऑक्टोबरला ब्रँडन यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांचे तिकीट 175 डॉलरवर आले.

फुटबॉलच्या पैशांवर पोहणे, कुस्ती, मुलींचे संघ चालतात, हा विभागाचा युक्तिवाद खोटा नाही. म्हणूनच मला त्यांचा हिशेब कच्चा वाटतो. आज वीस वर्षांचा असलेला पोरगाच पुढे चाळीस वर्षे हंगामी तिकीट घेणार असतो. त्याला विसाव्या वर्षी दुखावून कोणती तिजोरी भरते?

आपल्याकडे मुशायरा असो की महाविद्यालयाचे संमेलन, पुढचे सोफे पाहुण्यांचे आणि पोरे मागे उभी, म्हणून आपणही फार मिरवू नये. पण आपल्याकडे निदान त्या सोफ्याचा भाव जाहीर होत नाही. तिकडे अनेक विद्यापीठांत चांगली खुर्ची विकत घेण्याचा हक्क मिळवायलाच आधी देणगी द्यावी लागते. 2017 च्या कायद्यापर्यंत त्या देणगीच्या 80 टक्क्यांवर करसवलतही होती, म्हणजे श्रीमंताच्या खुर्चीला सरकारचा टेकू.

आता खेळाडूंना वाटा देणे भाग पडले आहे, आणि ते न्याय्यच आहे. टेनेसी विद्यापीठाने त्यासाठी 2025 च्या फुटबॉल तिकिटांवर 10 टक्के 'टॅलेंट फी' लावली. प्रशिक्षकांचे लाखो डॉलरचे करार मात्र तसेच, आणि फी प्रेक्षकाच्या खिशातून.