यंत्राच्या पोटातील विषाचे दप्तर

मावळातील माणसाला दप्तराचे महत्त्व नव्याने सांगण्याचे खरे तर कारण नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची सेवा आटोपून १९२५ नंतर कामशेतास येऊन राहिले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. कोणा अनामिक कारकुनाने दिवसाच्या दिवशी, इमानाने आणि तपशीलवार लिहून ठेवलेली एखादी रुक्ष याददेखील शे-दीडशे वर्षांनंतर मोठमोठ्या बखरींहून अधिक विश्वासार्ह साक्ष देते, ही गोष्ट त्या खंडांनी महाराष्ट्राच्या प्रत्ययास आणून दिली. या आठवड्यात ज्या नोंदींविषयी लिहावयाचे आहे त्यांत लढाया नाहीत आणि तहनामेही नाहीत. परंतु त्या आज नीट लिहिल्या गेल्या नाहीत, तर पुढच्या पिढीला इतिहासाचे नव्हे, आरोग्याचे नुकसान सोसावे लागेल. रोहित्रे, कॅपॅसिटर आणि तत्सम जुन्या विद्युत उपकरणांच्या पोटात जे तेल भरलेले असते, त्या तेलाच्या या नोंदी होत.

पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे ज्याला सर्वत्र पीसीबी म्हणतात, त्या रसायनाचे व्यापारी उत्पादन अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९२९ साली सुरू झाले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कल्याण ते पुणे या लोहमार्गावर, बोरघाट चढून, विजेवरच्या गाड्या धावू लागल्या. हा केवळ योगायोग असला तरी तो त्या काळाची दिशा दाखवितो. खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर चालत होते, वीज डोंगर ओलांडून मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली होती, आणि जगभरच्या अभियंत्यांना एकच धास्ती होती, ती रोहित्रातील खनिज तेल पेट घेण्याची. अशा वेळी जे जळत नाही, कुजत नाही, उष्णतेने बिघडत नाही आणि विजेला उत्तम अटकाव करते, असे द्रव्य हाती आल्यावर त्याचे स्वागत झाले यात नवल नाही. अस्करेल या सामान्य नावाने आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या व्यापारी नावांनी ते इमारतींच्या तळघरांत, जहाजांवर, खाणींत, जेथे जेथे आगीचे भय अधिक तेथे तेथे शिरले. आपल्या देशात ते कधी तयार झाले नाही. आयात केलेल्या उपकरणांबरोबर आणि पिंपांतून ते आले. पुढे असे आढळले की, ज्या अविनाशी गुणामुळे ते यंत्राला उपकारक ठरले, त्याच गुणामुळे ते मातीत, नदीच्या गाळात, माशाच्या व माणसाच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहते आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर साचत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गात केली आहे.

आता प्रश्न असा की, एखाद्या जुन्या रोहित्रात हे द्रव्य आहे की साधे खनिज तेल, हे ओळखावे कसे? रोहित्राच्या अंगावर जी धातूची नावपट्टी रिबेटांनी ठोकलेली असते, तिच्यावरील गंज व रंगाचे थर हलक्या हाताने खरवडले, तर क्षमता, व्होल्टेज, निर्मितीचे साल यांच्या खाली शीतनाची पद्धत दर्शविणारी चार अक्षरे दिसतात. ती ‘ओ एन ए एन’ अशी असली तर आत खनिज तेल असावे. जुन्या पट्टीवर पहिले अक्षर ‘एल’ असले तर आत न पेटणारे कृत्रिम द्रव्य आहे असे समजून तत्काळ सावध व्हावे. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब सोडला असता खनिज तेल वर तरंगते आणि अस्करेल तळाशी जाऊन बसते, कारण ते पाण्याहून जवळजवळ दीडपट जड असते. परंतु या दोन्ही खुणा शुद्ध अस्करेलपुरत्या खऱ्या. खरी अडचण मिश्रणाची आहे. रोहित्रातील तेल दमट झाले म्हणजे गाड्यावर बसविलेले गाळणयंत्र आणून ते गाळले जाते, कमी झालेले तेल टाकून पातळी भरली जाते, आणि तेच यंत्र, त्याच नळ्या, तेच पिंप घेऊन मंडळी पुढच्या गावी जातात. एका अस्करेलच्या रोहित्रावरून असे यंत्र पुढे गेले, तर निर्दोष तेलाने जन्मास आलेली कित्येक रोहित्रे दूषित होतात. आणि नावपट्टी मात्र अखेरपर्यंत ‘खनिज तेल’ असेच सांगत राहते. तेलाच्या नेहमीच्या तपासणीत त्याची विद्युतरोधक शक्ती, आर्द्रता आणि आम्लता पाहिली जाते. त्यातील एकाही चाचणीला क्लोरीन दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी करावी लागते, आणि ती कोणत्या रोहित्राची आधी करावी हे ठरविण्यास तेल केव्हा गाळले, कोणत्या यंत्राने गाळले, वर टाकलेले तेल कोठून आले, याची नोंदवही लागते. ती वही नसेल तर निदान करणारा वैद्य रोग्याची पूर्वपीठिका न विचारताच नाडी पाहू लागला, असे होईल.

कायद्याने या बाबतीत मौन धरलेले नाही. स्टॉकहोम येथे २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १३ जानेवारी २००६ रोजी मान्यता दिली. त्या कराराने उपकरणांतील पीसीबीचा वापर २०२५ पर्यंत संपविण्याचे आणि निघालेल्या द्रव्याची निर्धोक विल्हेवाट २०२८ पर्यंत लावण्याचे उद्दिष्ट घातले आहे. त्याला अनुसरून केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये पीसीबी नियमनाचा आदेश काढला. त्यान्वये या द्रव्याचे उत्पादन व आयात बंद झाली, ते जमिनीवर वा पाण्यात सोडणे निषिद्ध ठरले, त्याच्या वापराची अखेरची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही मुक्रर झाली, आणि ज्याच्या ताब्यात असे उपकरण आहे त्याने त्याची फेरिस्त ठेवून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दाखल करावी, असे बंधन आले. तेलातील पीसीबीसाठी शेकडा ०.००५, म्हणजे दहा लाख भागांत पन्नास भाग, ही मर्यादा लहान दिसते. परंतु गाळणयंत्रातून झालेली मिसळही तिच्यात सापडावी एवढ्यासाठीच ती लहान ठेवलेली आहे. याखेरीज २०१६ च्याच घातक कचरा नियमांप्रमाणे निघालेल्या तेलाची रोजनोंद, दर वर्षी ३० जूनपूर्वी भरावयाचे विवरणपत्र, आणि माल हलविताना त्याच्यासोबत द्यावयाची सात प्रतींची पावती, असा सर्व जामानिमा आहे.

एवढे असूनही माझ्या मते या व्यवस्थेत एक मोठी उणीव उरते. आपल्याकडे नोंद धारकाच्या नावाने चालते, यंत्राच्या नावाने चालत नाही. तळेगाव-वडगावच्या पट्ट्यात गेल्या पन्नास-साठ वर्षांत किती कारखाने उघडले, विकले गेले, बंद पडले, त्यांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली! कारखाना विकला जातो तेव्हा जमिनीचा सातबारा, फेरफार, बोजा यांची कसून रुजवात होते. आवारातील रोहित्र मात्र ‘जुनी यंत्रसामग्री, एकत्रित’ अशा एका ओळीत भंगारवाल्याकडे जाते. त्याला तांबे हवे असते. तेल तो पिंपात ओतून घेतो, आणि ते पिंप पुढे भट्टीचे इंधन होते, बांधकामाच्या फळ्यांना लावले जाते, की कोणाच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून चोपडले जाते, याचा कोणताही कागद उरत नाही. १९९९ च्या प्रारंभी बेल्जियममध्ये असेच रोहित्रातले तेल पशुखाद्यासाठी जमा केलेल्या चरबीत मिसळले. कोंबड्यांची अंडी उबेनाशी झाली, आणि विषाचा माग लागेपर्यंत महिने लोटले. त्या प्रकरणाने तेथील सरकार त्याच वर्षी जूनच्या निवडणुकीत पडले, हे कित्येकांस ठाऊक आहे. परंतु काही थोड्या लिटर तेलाचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, हे त्याचे मूळ कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हणून प्रत्येक रोहित्राला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची वही असावी, ती विक्रीच्या वेळी यंत्राबरोबर खरेदीदाराच्या हवाली व्हावी, आणि वहीवाचून रोहित्र मोडीत घेणे हाच गुन्हा ठरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. मंडळाकडे दाखल झालेली फेरिस्त मंडळाच्याच कपाटात राहिली, तर आग विझविण्यास धावणाऱ्या जवानास तिचा काय उपयोग? न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन शहरी ५ फेब्रुवारी १९८१ रोजी एका सरकारी इमारतीच्या तळघरात विजेचा बिघाड होऊन आग लागली. रोहित्रातील पीसीबी तापून त्यापासून डायॉक्सिन व फ्युरान ही त्याहून भयंकर द्रव्ये निर्माण झाली आणि काजळीच्या रूपाने सर्व मजल्यांवर पसरली. ती इमारत पुन्हा खुली होण्यास तेरा वर्षे लागली. या अनुभवानंतर अमेरिकेने असे प्रत्येक रोहित्र स्थानिक अग्निशमन दलाकडे नोंदविण्याची सक्ती १९८५ मध्ये केली. लोणावळ्याच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात, आरोग्यधामे, हॉटेले, कारखाने यांच्या आवारांत कोठे काय आहे याचा असा नकाशा भिंतीवर टांगलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

येथील भूगोल तर ही निकड अधिकच वाढवितो. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस इतका मुसळधार कोसळतो की, गळलेले तेल मातीत मुरण्याची वाट पाहत नाही. घाटमाथ्याच्या एका अंगाचे पाणी इंद्रायणीला मिळून कामशेत, देहू, आळंदी असे जाते, तर वळवणसारख्या तलावांत साचलेले पाणी नळांतून खोपोलीच्या जनित्रांवर पडून पाताळगंगेत उतरते. म्हणजे येथे सांडलेले विष वारकऱ्याच्या ओंजळीतही जाऊ शकते आणि कोकणातल्या खाडीच्या गाळातही. शिवाय विजेसाठी या डोंगरपट्ट्याने जे दिले आहे त्याची आठवण येथे अप्रस्तुत नाही. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह धरणाखाली जाणाऱ्या जमिनीसाठीच लढला गेला. ज्यांच्या वाडवडिलांच्या भाताच्या खाचरांवर पाणी चढले, त्यांना आपल्या गावच्या शिवारातील यंत्रात काय भरले आहे हे विचारण्याचा अधिकार सर्वांआधी पोहोचतो. ग्रामसभेपुढे ही यादी वर्षातून एकदा मोठ्याने वाचली जावी.

लहान गिरणीवाला वा शीतगृहाचा चालक यावर म्हणेल की, तपासणीचा खर्च आणि कागदांचा व्याप आम्हाला झेपणारा नाही. त्याचे म्हणणे मी खोटे मानीत नाही. एका जुन्या रोहित्रासाठी त्याला दूरच्या प्रयोगशाळेचे उंबरठे झिजवावयास लावणे हे अन्यायाचे होईल, आणि अन्याय वाटला की माणूस नोंद टाळतो. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी, वडगावी, उन्हाळ्यात तेलाचे नमुने एकत्र गोळा करण्याचे शिबिर भरवावे, चाचणीचा खर्च मंडळाने सोसावा, आणि जो धारक आपण होऊन माहिती देईल त्याला दंड न करता विल्हेवाटीसाठी वाजवी मुदत द्यावी. नमुना घेणाऱ्या वायरमनला हातमोजे द्यावेत, बाटलीवर रोहित्राचा क्रमांक, तारीख आणि नमुना घेणाऱ्याची सही असावी, आणि निकालाची एक प्रत धारकाला, एक अग्निशमन केंद्राला, एक ग्रामपंचायतीला मिळावी. हे काम मृगाच्या आधी उरकले पाहिजे. कारण पाऊस एकदा लागला की घाटमाथ्यावरच्या रोहित्राची झडप उघडून कोरडा नमुना घेणे आश्विनापर्यंत शक्य होत नाही.

— दप्तरदार