नुक्ता पुसट का होतो?

आमच्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातही मुलांचा अर्धा अभ्यास आता फोनवर येऊन बसला आहे. शिक्षक पाठ रेकॉर्ड करून पाठवतात, अम्मी तो उघडून देते आणि मूल पडद्याकडे पाहून अक्षर गिरवते. आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना एक हौस असते. अक्षर एका रंगात लिहायचे आणि मुलांचे लक्ष जावे म्हणून नुक्ता लाल करायचा. कागदावर हे छान दिसते. व्हिडिओत मात्र निळ्या पार्श्वभूमीवरचा तोच लाल नुक्ता पसरतो. ‘बे’खाली नुक्ता एक, ‘पे’खाली तीन. तिन्हींचा मिळून एक डाग झाला, तर मुलाने काय वाचायचे?

पालकांना वाटते, फोन हलका आहे. पण महाग फोन घेतला तरी ही अडचण पुरती जात नाही. तिचे मूळ व्हिडिओत रंग साठवण्याच्या पद्धतीत आहे.

पडद्यावरचे चित्र पिक्सेल नावाच्या बारीक चौकोनांचे असते. फुल एचडी चित्रात ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० भरतात. प्रत्येकासाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे ठेवले, तर भार फार होतो. म्हणून चित्राची वाटणी करतात. उजेड किती, हा आकडा प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवतात. रंगाचे दोन आकडे मात्र शेजारच्या चार पिक्सेलना मिळून एकदाच. चार पिक्सेलना बारा आकडे लागायचे, तिथे सहात भागते. या पद्धतीला ४:२:० म्हणतात. फोनचे नेहमीचे व्हिडिओ आणि यूट्यूब हाच हिशेब वापरतात.

हे खपून जाते, कारण आपला डोळा उजेड-अंधाराचा बारकावा चटकन टिपतो, रंगाचा बारकावा तितका टिपत नाही. ही वाटणी जुनीच आहे. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले, तेव्हा घरातले ब्लॅक अँड व्हाइट संच निकामी झाले नाहीत. उजेडाचा संदेश वेगळा होता. जुन्या संचाने तेवढाच घेतला, नव्याने रंगही घेतला.

आता नुक्त्याकडे येऊ. लाल आणि मध्यम निळा हे रंग वेगळे असले, तरी दोन्हींचा उजेड जवळजवळ सारखा असू शकतो. मग नुक्ता फक्त रंगाच्या भरवशावर उभा राहतो, आणि रंग तर चारांत एक! पांढऱ्यावर काळा किंवा गडद निळ्यावर पिवळा नुक्ता उजेडाच्या फरकावर उभा असतो, म्हणून टिकतो. मराठीच्या अनुस्वारालाही हेच लागू.

परीक्षा सोपी आहे. पाठाच्या पानाचा फोटो काढा आणि फोनमध्येच तो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. नुक्ते स्पष्ट मोजता आले, तर पान चांगले. विरले, तर रंग बदला, अक्षर मोठे करा.

घरातही याचा उपयोग आहे. लग्नाचा जोडा व्हिडिओ कॉलवर पसंत करताना दुपट्ट्याचा मोठा सलग रंग या पद्धतीत फारसा बिघडत नाही, पण बारीक रंगीत धाग्याचे काम शेजारच्या रंगात मिसळते. दुकानदाराला दिवसाच्या उजेडात कापड कॅमेऱ्याजवळ धरायला सांगा. धागा पडद्यावर जाड दिसला की त्याच्या वाट्याला पिक्सेल जास्त येतात.

मोठ्यांचे ठीक आहे, अंदाजाने वाचून घेतात. पहिलीतल्या मुलाजवळ अजून अंदाज नसतो. त्याच्यासाठी नुक्ता म्हणजेच अक्षर. तेव्हा पाठ पाठवण्याआधी एवढी एक तपासणी आपण सर्वांनी करावी.