मुदतीचा सर्वाधिकारी

दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत घरोघरी एकाच माणसाचा हुकूम चालतो. कढईपाशी बसलेल्या माउलीला कोणी सल्ला देऊन पाहावा! पण भाऊबीज आटोपली की तो अंमल आपोआप संपतो, म्हणून घरात कोणाची तक्रार नसते.

वाचकहो, प्राचीन रोमचा डिक्टेटर असाच मुदतीचा होता. एरवी कारभार दोन कॉन्सल पाहत. एक चुकू लागला तर दुसरा त्याला अडवी. पण शत्रू वेशीशी आला की वादविवादाला सवड कुठली? मग सेनेटच्या सांगण्यावरून कॉन्सल एकाला सर्वाधिकार देई, फार तर सहा महिन्यांपुरते. इ. स. पूर्वी ४५८ मध्ये सिन्सिनाटसला म्हणे नांगरावरून बोलावले. त्याने शत्रूला नमवले आणि सोळाव्या दिवशी अधिकार परत करून तो शेतावर गेला.

आमच्या धाराशिवकरांनीही अशी राजवट पाहिली आहे. रझाकारांच्या जुलमाने संस्थान गांजले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नळदुर्ग घेतले. निजाम शरण आल्यावर मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. कायदा आणि अंमल दोन्ही त्यांच्या हाती आले. १९४९ साली निजामाची खासगी सर्फ-ए-खास जमीन सरकारात गेली, जहागिऱ्या मोडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे जोखड वर्षभरात उतरले! त्या वर्षाअखेर चौधरी पायउतार झाले, पुढे मुलकी अधिकारी वेलोडी मुख्यमंत्री झाले आणि १९५२ मध्ये लोकांनी निवडलेले बुर्गुल रामकृष्णराव आले.

मुदत तर पाळली गेली. पण नळदुर्गचा विजय आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांकडून मोठ्याने ऐकला, दुसरी हकीकत मात्र आवाज उतरवून सांगितली जाई. कारवाईच्या वेळी आणि नंतर निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस गावोगाव हिंडून संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज केला. सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद होता. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्धच केला नाही.

रोमची गोष्ट पुढे बिघडली. इ. स. पूर्वी ८२ मध्ये सुल्लाने मुदतीची अट काढून अधिकार घेतला. तो स्वतःहून उतरला खरा, पण वाट पडली. इ. स. पूर्वी ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला आणि महिन्याभरात त्याचा खून पडला.

संकटात एकाच्या हाती लगाम द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. मात्र देतानाच दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: लगाम परत कधी मिळणार, आणि मधल्या काळात कोण तुडवले गेले याचा हिशेब कोणापुढे मांडणार. पहिली गोष्ट आमच्याकडे झाली. दुसरी राहिली, आणि ज्यांच्या घरचे माणूस गेले ते त्या हिशेबाची वाट पाहतच म्हातारे झाले.