चावडीवरचा ज्ञानकोश

मराठी विकिपीडियावर संपादक मंडळी ज्या पानावर एकमेकांशी बोलतात, धोरणे ठरवतात, भांडतात आणि क्वचित एकमेकांची पाठही थोपटतात, त्या पानाचे नाव आहे ‘चावडी’. नाव ठेवणाऱ्याला गावगाड्याची आठवण गोड वाटली असावी. आम्हाला ते वेगळ्याच कारणाने चपखल वाटते. गावच्या चावडीवर पाटील, कुलकर्णी आणि चार जाणती माणसे बसत. ही सारी माणसे म्हणजे पुरुष, हे वेगळे सांगायला नको. बाई तिथे यायची ती फिर्याद घेऊन, नाहीतर जाब द्यायला. एरवी चावडीसमोरून जायचे झाले तर पदर सावरून, भराभरा. बायकांनी चावडी चढू नये असा नियम कुठल्याही दप्तरात लिहिलेला नव्हता. तो लिहावा लागलाच नाही.

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने पंचविशी ओलांडली आहे. मराठी आवृत्ती १ मे २००३ ची, म्हणजे मुहूर्त महाराष्ट्र दिनाचा. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करावे, हे तिचे ब्रीद. फी नाही, पदवीची अट नाही, ओळखपत्र नाही. तरीही २०११ च्या सुमाराच्या सर्वेक्षणांत जगभरच्या लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण ९ ते १३ टक्क्यांच्या पलीकडे जात नव्हते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या कार्यकारी संचालक सू गार्डनर यांनी २०१५ पर्यंत ते २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते गाठता आले नाही, याची कबुली पुढे त्यांनीच दिली.

हा विषय निघाला की एक उत्तर तयार असते : बायकांना वेळ कुठे असतो? घर, नोकरी, मुलांचे अभ्यास, सासूची औषधे हे सगळे खरे आहे. पण त्याच बायका बचतगटाचे हिशेब चोख ठेवतात, फेसबुकवर रोज पानभर लिहितात आणि पाककृतीत मिठाचे प्रमाण चुकले तर रात्री अकरा वाजता दुरुस्तीही टाकतात. आमच्या मते अडते ते पहिल्या दिवशी.

तालुक्याच्या गावातली एखादी निवृत्त मुख्याध्यापिका डोळ्यांसमोर आणा. गावात मुलींचे पहिले वसतिगृह काढणाऱ्या बाईंवर लेख लिहावा असे तिच्या मनात आहे. भाचीने खाते उघडून दिले आहे. धूळपाटीवर दोन दिवस सराव करून, मोबाइलवर एका बोटाने जोडाक्षरे जुळवत, तिने तीन परिच्छेद लिहिले आणि जतन केले. चहा टाकून परत येते तो लेखाच्या डोक्यावर सूचनेची चौकट लागलेली : संदर्भ नाहीत, उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, पान काढून टाकावे. तिच्या चर्चापानावर एक संदेशही आहे, पण तो साच्यातून पडलेला. कोणी माणसाने तिच्यासाठी लिहिलेला नाही. ती खाली नम्रपणे उत्तर लिहिते. शेवटी चार नागमोडी रेघांची सही करायची असते हे तिला ठाऊक नसते, म्हणून आणखी एक सूचना येते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या या बाईंना आपली वही कोणी भिरकावून दिल्यासारखे वाटते. त्या मोबाइल बाजूला ठेवतात आणि पुन्हा त्या पानाकडे फिरकत नाहीत.

यात कोणी उद्धटपणा केला नाही. सूचना लावणारा गृहस्थही पदरमोड करून, नोकरी सांभाळून हे काम करतो. निवडणुका आल्या की स्वतःचे गुणगान चिकटवून जाणारे इच्छुक, क्लासवाले, बिल्डर आणि स्वयंघोषित समाजभूषण यांचा कचरा तो रोज उपसत असतो. मूठभर माणसांच्या अंगावर एवढ्या मोठ्या ज्ञानकोशाची राखण पडली की प्रत्येक नवे नाव चोराचे वाटू लागते. इंग्रजी विकिपीडियावर हेच घडले. तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर होती, नंतर ती उतरत गेली. खोडसाळ बदल झटपट उलटवण्यासाठी बनवलेल्या यंत्रणेने सद्हेतूने आलेल्या नवख्यांनाही हुसकावले, असा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने काढला. तडाखा स्त्री-पुरुष दोघांनाही बसतो. पण चारचौघांत बोलल्याबद्दल जिला लहानपणापासून टोकले गेले, ती दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. शिवाय नावावरून बाई असल्याचे कळले की येणारे अश्लील शेरे निराळेच. सर्व भाषांतल्या विकिपीडियांना लागू होईल अशी आचारसंहिता फाउंडेशनने जाहीर केली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे वीस वर्षे उलटल्यावर.

लिहिणारे कोण, यावर कोणाविषयी लिहिले जाते हेही ठरते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलँड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. मारी क्युरी आणि मारिया गोपर्ट-मायर यांच्यानंतरच्या त्या तिसऱ्याच स्त्री. त्या सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचा लेख नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावरचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला होता. ज्यांच्याबरोबर त्यांनी ते संशोधन केले त्या जेरार मुरू यांच्यावर मात्र लेख होता. मसुदा नाकारणाऱ्याने नियमच पाळला होता. समाजशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का त्रिपोदी यांनी पुढे दाखवून दिले की तिथल्या चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा जेमतेम सहाव्या हिश्शाचा असताना, वगळण्यासाठी पुढे केलेल्या चरित्रांत तो चौथ्या हिश्शावर जात होता. २०१५ मध्ये काही स्वयंसेवकांनी लाल दुव्यांतल्या, म्हणजे उल्लेख आहे पण लेख नाही अशा स्त्रियांची नावे एकेक करून निळी करायला घेतली. १५ टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण आता २० टक्क्यांच्या घरात आले आहे. जेस वेड या ब्रिटिश संशोधिकेने तर नोकरी सांभाळून शेकडो स्त्री-वैज्ञानिकांची चरित्रे एकटीने लिहून काढली.

नियम सांगतो, स्वतंत्र आणि विश्वसनीय संदर्भ द्या. मराठीत हा नियम कुठे ठेचकाळतो ते पाहण्यासारखे आहे. संदर्भ शोधायचे ते नावाने, आणि बाईचे नाव एक राहत नाही. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी ज्यांना वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश दिला, त्या कमला भागवत. पुढे त्या कमला सोहोनी झाल्या आणि त्यांचे काम दोन आडनावांत विभागले गेले. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर या एकच व्यक्ती आहेत, हे ठाऊक नसलेल्याला ग्रंथालयात तीन बायका सापडतील. आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोश रचणाऱ्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या घरात काय होते? त्यांच्या पत्नी मूळच्या ईडिथ कोहन, लग्नानंतर शीलवतीबाई. विंटरनिट्झ यांचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत आणला. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव आहे ‘मिसेस एस. केतकर’. ज्ञानकोशकाराच्या पत्नीचे उरले ते एक आद्याक्षर.

शीलवतीबाईंनी पुढे आठवणी लिहिल्या, त्यांचे शीर्षक ‘मीच हे सांगितले पाहिजे’. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, आनंदीबाई कर्वे यांच्यापासून बेबीताई कांबळे आणि ऊर्मिला पवार यांच्यापर्यंत मराठी बायकांनी हेच केले. दुसरे कोणी सांगेना, तेव्हा स्वतः सांगितले. ज्ञानकोशाच्या उल्लेखनीयतेच्या कसोटीला मात्र नेमके हेच चालत नाही. स्वतःविषयी स्वतः सांगितलेले तिथे पुरावा ठरत नाही. दुसऱ्या कोणीतरी दखल घेतलेली असावी लागते. नियम मोडीत काढा असे आम्ही म्हणणार नाही. तो गेला तर उद्या प्रत्येक वॉर्डातल्या ‘युवा हृदयसम्राटा’चे चरित्र तिथे झळकेल. पण नवख्या व्यक्तीच्या पहिल्या लेखावर सूचना डकवण्याआधी जाणत्या संपादकाने तो एकदा वाचावा, मसुद्यात हलवावा, आणि ‘बाई, वसतिगृहाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका मिळेल का?’ असे स्वतःच्या शब्दांत विचारावे, एवढे तर करता येईल. इंग्रजीत नवख्यांच्या शंकांसाठी २०१२ मध्ये ‘टीहाउस’ नावाचे पान सुरू झाले. तिथे माणसे माणसांना उत्तरे देतात. आपल्याकडे कार्यशाळा होतात त्या बहुधा ८ मार्चच्या सुमाराला. खाती उघडली जातात, छायाचित्रे निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. ९ मार्चला त्या बायकांच्या चर्चापानावर कोण असते?

आणि ती ‘दुसऱ्या कोणीतरी घेतलेली दखल’ म्हणजे बहुतेक वेळा आम्ही, वृत्तपत्रे. बोट दाखवताना ते आमच्याकडेही वळते. गेल्या महिन्यात आमच्याच अंकात सात ओळींची एक निधनवार्ता आली. एका माजी सरपंचांच्या ‘मातोश्री’ वृद्धापकाळाने गेल्या होत्या. पश्चात दोन मुले, सुना, विवाहित कन्या, नातवंडे असा परिवार; अंत्यसंस्कार कुठे झाले, कोणकोण मान्यवर हजर होते, तेही होते. बाईंचे माहेरचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी कचेरीत एका वाचकाचा फोन आला. त्या बाईंनी त्या गावच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले होते, आणि फोन करणारे गृहस्थ त्यांचे विद्यार्थी होते. उपसंपादकाने माहिती टिपून घेतली. त्या दिवशी पानावर जागा नव्हती.