नोकरी लागते, मग टिकत का नाही?

रोजगार मेळावा झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. इतक्या मुलाखती झाल्या, इतक्या तरुणांची प्राथमिक निवड झाली. आपल्या संस्थांच्या वार्षिक अहवालातही असाच एक आकडा असतो. त्यातले किती जण सहा महिन्यांनी त्या कामावर उरले, हे मात्र कुठेच छापून येत नाही, कारण ते कुणी मोजतच नाही. मेहरूण आणि तांबापुऱ्यातल्या तरुणांना काम मिळवून देताना आणि त्यावर टिकवताना माझी खात्री झाली आहे की आपल्या बेरोजगारीचा निम्मा प्रश्न या न मोजलेल्या आकड्यात दडलेला आहे.

जळगावात काम नाही, असे कुणी म्हणू नये. एमआयडीसी मेहरूणच्या शेजारीच आहे. तिथे डाळ मिल आहेत, चटईचे कारखाने आहेत, पाइप आणि ठिबकचे उद्योग आहेत. हेल्पर, पॅकिंग, लोडिंग, मशीनवरचा माणूस, कुणी ना कुणी लागतच असते. आपला मुलगा तिथे लागतोही. आणि वीस-पंचवीस दिवसांत तो पुन्हा फुले मार्केटमध्ये कुणाच्या तरी गाडीवर किंवा मजुरांच्या अड्ड्यावर उभा दिसतो. मालक म्हणतो, या पोरांना कामच करायचे नसते. मोहल्ल्यातले बुजुर्गही मान डोलावतात.

मला हे पटत नाही. पहाटे उठून अड्ड्यावर जाणारा, दिवसभर पोती वाहणारा माणूस आळशी कसा असेल? तो नोकरी सोडतो त्यामागे साधा हिशेब आहे, आणि तो आपण कधी मांडून पाहिलेला नाही.

समजा, एखादा तरुण १ तारखेला कामाला लागला. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा, असे कायदा सांगतो. मालकाने कायदा अगदी तंतोतंत पाळला तरी पहिला पैसा हातात पडायला ३७ दिवस लागतात. कालपर्यंत हाच तरुण रोजाने जात होता. संध्याकाळी हातात रोकड, त्यातूनच पीठ, तेल, दूध, आईचे औषध. नोकरी लागली त्या दिवसापासून ही आवक बंद होते आणि खर्च वाढतो: बूट, डबा, जाण्यायेण्याचे पेट्रोल. किराणा दुकानदार दोन आठवडे वहीत लिहून घेतो. तिसऱ्या आठवड्यात तो हात आखडतो. मग तरुण एक दिवस खाडा करून रोजाने जातो, कारण घरात चूल पेटायला हवी. दुसरा खाडा झाला की ठेकेदार सांगतो, उद्यापासून येऊ नको.

माझ्या ओळखीचा एक तरुण पॅकिंगच्या कामावर २२ दिवस टिकला. काम त्याला आवडले होते, सुपरवायझरही खूश होता. घरात आई आणि दोन लहान बहिणी. तेविसाव्या दिवशी तो गेला नाही. विचारले तर म्हणाला, "भाई, पगार चांगला आहे, पण तो येईपर्यंत खायचं काय?" केलेल्या २२ दिवसांचे पैसे मागायलाही त्याने नंतर फारशा चकरा मारल्या नाहीत. एक चकर म्हणजे आणखी एक रोज बुडणार.

हा प्रश्न प्रत्येक गरीब घराचा आहे, आणि मेहरूण-तांबापुऱ्यात गरिबी काही धर्म विचारून येत नाही. पण मुस्लिम घरांत तो जास्त टोचतो, त्यालाही कारण आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले होते की देशातले सुमारे ६१ टक्के मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात आहेत. म्हणजे फेरीवाला, गॅरेजवाला, शिलाईवाला, भंगारवाला. ज्या घरात बापाचा किंवा भावाचा पगार दर महिन्याला येतो, ते घर नव्याने लागलेल्या मुलाला महिनाभर पोसू शकते. जिथे सगळेच रोजच्या रोज कमावतात, तिथे एक हात थांबला की ताट रिकामे होते. पहिली पगारी नोकरी टिकवायला घरात आधीच एखादा पगार असावा लागतो, अशी ही विचित्र अडचण आहे.

सरकारला हे कळत नाही असेही नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत नोकरी लागल्यानंतरही दरमहा १,००० रुपये आधार देण्याची तरतूद होती: जिल्ह्यातच काम असेल तर दोन महिने, राज्यात तीन, राज्याबाहेर सहा. पण ती योजना ग्रामीण तरुणांसाठी. मेहरूण महापालिकेच्या हद्दीत येते. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. शिक्षणाप्रमाणे ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने, पुढे ती वाढवून अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावे लागले. पैसे होते, टिकण्याची सोय नव्हती.

जर्मनीत २०१९ पासून दीर्घकाळ बेरोजगार राहिलेल्यांसाठी एक कायदा आहे. अशा माणसाला कामावर घेतले तर पहिली दोन वर्षे त्याच्या पगारासाठी सरकार मालकाला पूर्ण अनुदान देते, पुढे ते टप्प्याटप्प्याने कमी होत पाच वर्षांनी संपते. त्यासोबत एक कोचही देते, आणि तो माणूस कामाला लागल्यावरही त्याच्यासोबत राहतो. तेवढा पैसा आपल्याकडे नाही. पण सोबत राहण्याची कल्पना घ्यायला पैसा लागत नाही.

आपल्या परंपरेतला एक प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. एक अन्सारी प्रेषितांकडे मागायला आला. घरात फक्त एक जाडेभरडे कापड आणि एक भांडे होते. प्रेषितांनी त्या वस्तूंचा लिलाव केला, दोन दिरहम आले. हा प्रसंग आपण 'भीक मागू नका, कष्ट करा' एवढ्यासाठीच सांगतो. पण तपशील पाहा. एक दिरहम घरच्यांच्या जेवणासाठी दिला, दुसरा कुऱ्हाडीसाठी. कुऱ्हाडीचा दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि पंधरा दिवसांनी भेटायला सांगितले. आधी पोटाची सोय, मग अवजार, मग ठरलेल्या दिवशी विचारपूस. आपण उपदेश तेवढा घेतला, जेवणाचा दिरहम आणि पंधराव्या दिवसाची भेट विसरलो.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. रमजानमध्ये आपण रेशन किट वाटतो, ते वाटत राहू. त्यासोबत प्रत्येक मोहल्ल्यात '३७ दिवसांचा' कर्ज-ए-हसना निधी उभारावा. समजा एका तरुणाला ८,००० रुपये बिनव्याजी दिले, तेही एकदम न देता आठवड्याला २,००० प्रमाणे, तर २ लाख रुपयांत २५ घरे पहिल्या पगारापर्यंत तगतील. परतफेड दुसऱ्या पगारापासून चार हप्त्यांत. पैसा फिरत राहील. जकातीचा पैसा यात चालेल का, याचा निर्णय उलेमांनी द्यावा; सदका आणि देणग्यांतून सुरुवात करायला कुणाची हरकत नसावी. आणि हा निधी ज्याला गरज आहे त्याला मिळावा, त्याचे नाव काहीही असो.

पैशासोबत माणूस हवा. कोचचे काम म्हणजे फक्त बायोडाटा लिहून देणे नव्हे. रुजू होण्याआधीच जुम्याच्या नमाजेची वेळ सुपरवायझरशी बोलून जेवणाच्या सुट्टीत बसवून घेणे, नेमणूकपत्र मागायला शिकवणे, पीएफचा नंबर आला का ते पाहणे, मुलीला दुसरी पाळी असेल तर परत येण्याची सोय कोण करणार ते आधी ठरवणे, पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी एक फोन करणे. ही कामे छोटी आहेत, पण नोकऱ्या बहुतेक वेळा अशाच छोट्या गोष्टींवरून सुटतात.

कुणी म्हणेल, मालकाची जबाबदारी समाजाने का उचलायची? आक्षेप बरोबर आहे. म्हणून मागणी मालकांकडेही करायला हवी. मजुरीचा काळ एक महिन्यापेक्षा मोठा नसावा, एवढेच कायदा म्हणतो; आठवड्याला पगार द्यायला त्याची मनाई नाही. नव्या कामगाराला पहिले दोन महिने आठवड्याने पगार द्या, नाहीतर पंधराव्या दिवशी उचल द्या. वारंवार माणूस बदलण्यात, त्याला शिकवण्यात मालकाचेही नुकसान होतेच. जो मालक हे करील त्याच्याकडे आपण आधी माणसे पाठवू. जो करणार नाही, त्याच्याशी बोलत राहू. तोवर तरुणाला उपाशी ठेवून मालकाला धडा शिकवता येत नाही.

सुरुवात आपल्यापासून करता येईल. यंदाच्या अहवालात प्रत्येक संस्थेने दोन आकडे छापावेत: किती जण कामाला लागले आणि सहा महिन्यांनी किती जण कामावर आहेत. दुसरा आकडा लहान निघेल. निघू द्या. देणगीदारांनी पैसे देताना तोच विचारावा.