व्याख्येबाहेर राहणारे सैनिक

पुणे-बंगळूर महामार्गावर महाराष्ट्राच्या हद्दीतील शेवटचे तालुक्याचे गाव म्हणजे कागल. दूधगंगा ओलांडली की कर्नाटक सुरू होते आणि त्याच रस्त्याने पुढे बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. या पट्ट्यातील शेतकरी घरांतून एक तरी मुलगा पलटणीत जावा, ही रीत फार जुनी. कोल्हापूर जिल्ह्यातच शिरोळ तालुक्यातील एका गावाने तर ती नावात मिरवली. ते गाव सैनिक टाकळी. सैन्यात भरती होणे म्हणजे पंधरा-सतरा वर्षांची नोकरी, त्यानंतर पेन्शन आणि गावात मान, असा तेथील पिढ्यांचा हिशेब होता. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने हा हिशेब बदलला. जानेवारी २०२३ पासून प्रशिक्षण सुरू केलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. नियमाप्रमाणे त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के सैन्यात राहतील. उरलेले बाविशी-पंचविशीचे तरुण गावी परततील, तेव्हा त्यांना काय म्हणायचे, हा प्रश्न वरवर शब्दाचा वाटतो. प्रत्यक्षात तो हक्काचा आहे.

कारण 'माजी सैनिक' ही पदवी लोकांनी दिलेली नसून ती सरकारी व्याख्या आहे. १९७९ च्या नियमांनी ती ठरविली आणि पुढे तिच्यात दुरुस्त्या झाल्या. निवृत्तिवेतनासह सेवामुक्त झालेला, सेवेतील कारणाने वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरलेला, किंवा कराराची मुदत संपवून ग्रॅच्युइटीसह बाहेर पडलेला तो माजी सैनिक, असा तिचा ढोबळ आशय. अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. माजी सैनिकाचा दर्जा, आरोग्य योजना आणि कॅन्टीनची सवलत त्याला मिळणार नाही, हे सैन्यदलाने २० जून २०२२ च्या अधिसूचनेतच स्पष्ट केले होते. चार वर्षांच्या शेवटी त्याच्या हाती सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी पडेल. केंद्रीय पोलिस दलांत दहा टक्के राखीव जागा २०२२ मध्ये जाहीर झाल्या व पुढे सीमा सुरक्षा दलासाठी ते प्रमाण वाढविण्यात आले. या गोष्टी कमी महत्त्वाच्या नाहीत. तथापि ती नोकरीची संधी आहे, दर्जा नव्हे.

सरकारचा युक्तिवादही समजून घ्यायला हवा. सैन्य तरुण राहावे ही अपेक्षा कारगिल युद्धानंतरच्या आढावा समितीनेही व्यक्त केली होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद होती. त्यातील सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपये केवळ निवृत्तिवेतनाचे. (या आकड्यात संरक्षण खात्यातील नागरी कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतनही आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.) खर्च आटोक्यात ठेवण्याचा हेतू गैर नाही, परंतु व्याख्येबाहेर राहिलेल्या माणसाचे पुढे काय होते, याचा अनुभव या देशाला आहे, आणि तो फारसा चांगला नाही.

जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांना काहीच मिळाले नाही. अशा, पासष्ट वर्षांवरील व हवालदार हुद्द्यापर्यंतच्या निराधार माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळातर्फे मासिक अनुदान मिळते. ते ४ हजारांवरून ८ हजार रुपये करण्याचा निर्णय झाला तो १ नोव्हेंबर २०२५ पासून. हे तुटपुंजे अनुदानही 'माजी सैनिक' याच शब्दाला बांधलेले आहे. सध्याची व्याख्या कायम राहिली, तर आजचा अग्निवीर वृद्धापकाळी या दारातही उभा राहू शकणार नाही. लष्करी प्रबोधिनीत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी पाठविलेल्या छात्रांची कथा तर अगदी ताजी आहे. ते 'अधिकारी' झालेले नसल्याने माजी सैनिक ठरले नाहीत आणि उपचारांचा खर्च कुटुंबांवर पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार उघडले.

व्याख्येच्या अलीकडे असलेल्यांचेही सारे सुरळीत चालते असे नाही. जो पायदळात मराठा पलटणीत होता त्याचे अभिलेख बेळगावला, तोफखान्यातल्याचे नाशिकला, बॉम्बे सॅपर्समधल्याचे खडकीला आणि पेन्शनचा कारभार प्रयागराजला. विधवेचे माहेरचे नाव सेवापुस्तकात आणि सासरचे आधार कार्डावर, एवढ्या एका तफावतीने कुटुंब निवृत्तिवेतन अडकते. 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीत दरवर्षी हयातीचा दाखला भरायचा, तर ऐंशीच्या वृद्धाच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत. हद्दीवरची आणखी एक गंमत आहे. एकाच पलटणीत, एकाच खंदकात राहिलेले दोन मराठी सैनिक निवृत्त होऊन एक कागलला आणि दुसरा निपाणीला स्थायिक झाला, तर राज्य सरकारच्या सवलतींपुरते ते परके होतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये माजी सैनिकांना दिलेली घरपट्टीमाफी कागलकराला लागू, निपाणीकराला नाही. अशा वेळी कागदपत्रांची वाट दाखवतात त्या तालुक्यातालुक्यांतील माजी सैनिकांच्या संघटना. बहुधा एखादा निवृत्त सुभेदार किंवा कारकुनी शाखेतील हवालदार पदरमोड करून हे काम पाहतो.

या संघटनांपुढेच आता खरा पेच आहे. १५ जून २०१५ रोजी जंतरमंतरवर सुरू झालेल्या 'समान हुद्दा, समान पेन्शन' आंदोलनाने सरकारला सप्टेंबरमध्ये घोषणा करायला लावली, हे माजी सैनिकांच्या संघटनशक्तीचे मोठे यश. पण तो लढा पेन्शनधारकांनी पेन्शनधारकांसाठी दिलेला होता. ज्यांना पेन्शनच नाही त्यांच्यासाठी पेन्शनधारक बोलतील काय?

महाराष्ट्रात असे एकदा घडले आहे. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने 'लढाऊ जाती'च्या सिद्धांतापायी महारांची सैन्यभरती बंद केली. मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या राबलेला समाज एका आदेशाने यादीबाहेर गेला. त्या वेळी आवाज उठविला तो हवालदारपदावरून निवृत्त होऊन दापोलीला स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी. त्यांची स्वतःची पेन्शन सुरू होती. त्यांना व्यक्तिशः मागण्यासारखे काही नव्हते. तरीही 'अनार्य दोष परिहारक मंडळी'च्या वतीने १८९४ मध्ये त्यांनी अर्ज सिद्ध केला, तो पुढच्या पिढीच्या भरतीसाठी. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ व १९१० मध्ये तीच मागणी मुंबई सरकारपासून भारतमंत्र्यांपर्यंत नेली. १९१७ मध्ये महायुद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही गेली. महार रेजिमेंट अखेर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. अर्ज आणि यश यांत जवळजवळ अर्धे शतक गेले.

या इतिहासाचा कागलशीही धागा जुळतो. मार्च १९२० ची माणगाव परिषद भरली ती कागल जहागिरीतील गावात. कागलच्याच घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी तेथे ज्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले, तो एका सुभेदाराचा मुलगा होता. छावणीतील शाळा आणि सैनिकाची पेन्शन यांनी एका वंचित समाजाला नेते दिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. म्हणूनच सैनिकी सेवेतून पेन्शन वजा होते, तेव्हा केवळ एका घराचे उत्पन्न घटत नाही.

परदेशांतही व्याख्येबाहेरच्यांना आधार दिला तो त्यांच्याच बरोबरीच्यांनी. अमेरिकेच्या छत्रीधारी दलात सेवा केलेल्या हेक्टर बाराहास यांना नागरिकत्व नसल्याने, गुन्ह्यातील शिक्षेनंतर मेक्सिकोत हद्दपार करण्यात आले. त्यांनी २०१३ मध्ये तिहुआना येथे आपल्यासारख्या हद्दपार सैनिकांसाठी निवारा उघडला आणि २०१८ मध्ये नागरिकत्व मिळविले. तोवर त्यांना अमेरिकेत जिवंतपणी प्रवेश नव्हता. मृत्यूनंतर लष्करी दफनभूमीत जागा मात्र मिळू शकत होती.

आपल्याकडे प्रश्न इतका टोकाचा नाही आणि सुरुवातही लहानशा गोष्टीपासून करता येण्याजोगी आहे. सरकार व्याख्या बदलेल तेव्हा बदलेल. संघटनांना आपले सभासदत्वाचे नियम बदलायला कोणाच्या अधिसूचनेची गरज नाही. आज सभासद होऊ इच्छिणाऱ्याकडे सहसा डिस्चार्ज बुक आणि पेन्शन आदेशाचा क्रमांक मागितला जातो. चार वर्षे सीमेवर काढून परतणाऱ्या अग्निवीराकडे सेवा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र असेल, पेन्शन आदेशाचा क्रमांक नसेल.